कांदा बटाट्याचा कुणी लागत नाही

३ मार्च
आणि वर दादाच मला म्हणतो, तू तिकडे कुंड्यांना पाणीच घालतोस ना, मग एवढा रुबाब कशाला! फोनच कट केला मी. अरे, मी संशोधनात आहे! ग्रीनहाऊसमधली वांगी, मिरची, टोमॅटो, तंबाखू, बटाटा, सगळी माझ्या जिवावर उभी आहेत. मॅडम नुसत्या कॉम्प्युटरसमोर बसतात. आईच्या मोतीबिंदूला महिनाअखेर बारा हजार हवेत. मी म्हटलं, पंधरा पाठवतो. बोललो तर बोललो.

५ मार्च
मॅडमनी भिंतीवर वंशावळ लावली. बटाट्याचा सख्खा भाऊ म्हणे टोमॅटो! वांगं चुलत, मिरची त्याहून लांबची. मी विचारलं, आणि कांदा? म्हणाल्या, कांदा त्यांचा कुणीच लागत नाही. डोकंच फिरलं. मी सातवी नापास असेन, पण भाजीवाले काय वेडे आहेत? अख्खं जग एका दमात कांदेबटाटे म्हणतं. बटाटेटोमॅटो म्हणतं का कुणी?

६ मार्च, सकाळी
लॅबमधल्या मशीनवरचा चष्मेवाला फिदीफिदी हसला. म्हणाला, पानाच्या आत अक्षरं असतात, मशीन ती जुळवून नातं सांगतं. ठीक. मशीनलाच विचारू. सिद्ध झालं की प्रमोशन, पगार डबल. दादाचं तोंड बघायचंय.

दुपारी
सगळे जेवायला गेल्यावर मशीनसाठी बटाट्याची पानं भरून ठेवलेल्या सगळ्या ट्यूबांमध्ये माझ्या डब्यातली कांद्याची पात खुपसली. नातं असेल तर ओळखतीलच एकमेकांना.

१४ मार्च
दादाचा फोन. ऑपरेशन एकोणतीसला. पैसे कधी? पाठवतो म्हटलं ना! सख्ख्या भावावर विश्वास नाही. पैसे वाचवायला आजपासून सिगरेट बंद. पण तंबाखू बटाट्याच्याच खानदानातला, म्हणजे आमच्या ऑफिसचाच. एक ओढली.

२२ मार्च
मशीन गाढव आहे. मॅडम ओरडत आल्या, बटाट्यात भलतंच काहीतरी निघालंय. मी खुशीत म्हटलं, भलतं नाही मॅडम, भाऊ आहे त्याचा, मीच घातला. चष्मेवालासुद्धा हसला नाही. सगळ्या ट्यूब वाया. खर्च माझ्या पगारातून. वर म्हणतात, कामावर ठेवतेय हेच नशीब समज. नशीब! शोध लावणाऱ्याला हे बक्षीस.

२८ मार्च
दादाला सांगितलं, पगार कापला. वाटलं, आता शिव्या घालेल. मीही तयारीत होतो. तर म्हणतो, असू दे रे, मी कालच मोटरसायकल विकली, तू नीट जेवत जा. याचाच संताप येतो! धड भांडूही देत नाही माणसाला. मी ओरडलो, तुझी एकट्याची आई आहे का, पाठवतो म्हणजे पाठवतोच. पाठवतोय. एकवीसशे.