बिनवासाचा डबा

सिस्टर, शाळेच्या आवारात मराठी बोलले म्हणून तुम्ही मला दोनदा व्हरांड्यात उभं केलं होतं, त्यामुळे हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. आता उभं कोण करणार? दुपारचे अडीच वाजलेत. माझी नात आतल्या खोलीत झोपली आहे, दोन्ही हातांत सुती मोजे घालून, आणि मोज्यांसकट तिचे हात झोपेतही गुडघ्यांच्या मागे जातायत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले आहे. समोर क्रीमचा एक मोठा पांढरा डबा आहे आणि एक स्टीलची वाटी आहे. उद्या अकरा वाजता डॉक्टरकडे जायचं आहे. त्याआधी मला कुणाशी तरी खरं बोलायला हवं, आणि जिवंत माणसांशी बोलायची आज माझी छाती होत नाही.

नात चार वर्षांची आहे. मला होता तोच एक्झिमा तिला आहे. लेकीला मध्ये सोडून तो थेट नातीकडे गेला, जसं काही कुणी पत्ता देऊन पाठवलं होतं. लेक ऐरोलीला नोकरी करते, शेजारच्या सेक्टरमध्ये राहते, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सात पोर माझ्याकडे असते. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, गालांवर आधी नुसतं खरखरीत होतं. दिवाळीनंतर ते लाल झालं, मग त्यातून पाणी यायला लागलं. खारघरची हवा या दिवसांत कोरडी होते, सकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की घशातही खवखवतं, आणि सोसायटीतल्या बायकांनी लगेच निकाल लावला की हवाच वाईट. मीही मान डोलावली. तळोज्याच्या हवेचं काय असेल ते असो, हे काम तिचं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. परवा पोरीने दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "आजी, हे काढून ठेव ना. उद्या घालते परत." स्वेटर काढून ठेवावा तशी. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्वचेची डॉक्टर तरुण आहे, पण बोलते स्पष्ट. दसऱ्याच्या आधी तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, वासाचं काहीही नको. बेबी लिहिलेलं असलं तरी नको, नॅचरल लिहिलेलं असलं तरी नको. कोमट पाण्याने पटकन अंघोळ, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच हे जाड क्रीम लावायचं. आणि दिवसातून तीन-चार वेळा, भरपूर. दोन आठवड्यांत डबा संपला नाही, तर तुम्ही कमी लावताय." लेकीने तेच क्रीम दोन्ही घरांसाठी घेतलं, एक डबा तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी झाकण उघडून हुंगलं. काहीच नाही. पांढरं, घट्ट, ना फुलाचा वास ना औषधाचा. मला वाटलं, हे काय करणार?

मग मी औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटी, हे घ्या. प्युअर नॅचरल. सगळे बाळांसाठी हेच नेतात." बाटलीवर जांभळी फुलं होती, मधाचा थेंब होता, हसणारं बाळ होतं. सिस्टर, तुम्ही मला इंग्रजी वाक्याची चिरफाड करायला शिकवलंत. बत्तीस वर्षं वाशीच्या घाऊक बाजारात ऑफिस सांभाळताना मी व्यापाऱ्यांच्या करारांतलं बारीक अक्षर वाचून भल्याभल्यांना घाम फोडला. आणि बाटलीच्या मागे सुगंधी द्रव्याचं नाव छापलेलं असताना मी ते वाचलं नाही, असं नाही. वाचलं. यादीत इतक्या खाली आहे म्हणजे थोडंसंच असेल, असं स्वतःला समजावलं. नंतर दवाखान्यात त्या डॉक्टरनेच दुसऱ्या कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, की वास नाही असं लिहिलेल्या बाटलीतसुद्धा कधीकधी मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो, म्हणून मागची यादीच वाचायची. म्हणजे पुढच्या बाजूला लिहिलेल्या कशावर माणसाने विश्वास ठेवायचा, हा माझा प्रश्न आहे. संतापून मी घरी आले, आणि संध्याकाळी पोरीला तेच जांभळ्या फुलांचं लोशन लावलं. तिचा वास किती छान येत होता.

तुम्ही असता तर म्हणाला असता, कातडीला नाक नसतं. हे वाक्य तुम्ही मला पहिल्यांदा ऐकवलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वर्गातल्या मुलींनी मला खरूज झाली म्हणून बाकावरून उठवलं होतं, आणि तुम्ही मला हाताला धरून जिन्याखालच्या त्या छोट्या आजारी-खोलीत नेलंत. तिथे एक लोखंडी खाट, एक येशूचं चित्र आणि एक मोठा ॲल्युमिनियमचा डबा. बाहेर कडक इंग्रजी बोलणाऱ्या तुम्ही खोलीचं दार लोटलंत आणि चक्क तुमच्या वसईच्या मराठीत म्हणालात, "खाजवू नको गं पोरी. थोपट. असं, थोपट." डब्यातलं पांढरट मलम तुम्ही माझ्या कोपरांना लावलंत. मी नाक लावून म्हटलं, याला वासच नाही. "वास तुझ्या नाकासाठी. कातडीला नाक नसतं." त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत मी तिथे यायचे, बाही वर करायचे, आणि तुम्ही मलम लावायचात. पावसाळा संपेपर्यंत माझी कोपरं इतर मुलींसारखी झाली होती. मला पुन्हा बाकावर जागा मिळाली होती.

मग दिवाळी आली. माझ्या आईला ते मलम मान्य नव्हतं. पहिल्या अंघोळीला तिने मला पाटावर बसवलं आणि उटणं लावलं, चंदन, कचोरा, आंबेहळद, सगळं घरी कुटलेलं, आणि कोपरं नारळाच्या शेंडीने घासली, कायमची स्वच्छ व्हावीत म्हणून. तिच्या मायेत काही खोट नव्हती. भाऊबीजेपर्यंत कोपरांतून पाणी गळायला लागलं. बाबांनी विचारलं, "हे कशाने झालं?" आई तिथेच उभी होती, हातात तेलाची वाटी घेऊन. तिचं नाव माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, सिस्टर लावतात त्या मलमाने.

बाबा शाळा उघडली त्याच दिवशी आले. कचेरीच्या दारात, सगळ्यांसमोर, "आमच्या मुलीवर कसले प्रयोग करता?" असं ओरडले. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी माझ्या बुटांकडे पाहत होते. तुम्ही इंग्रजीत माफी मागितलीत, एवढंच. त्यानंतर मला त्या खोलीत पाठवायचं नाही असं ठरलं, आणि पुढची सात वर्षं मी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून काढली. शाळा सोडली त्या दिवशी तुम्ही मला एक छोटी डबी दिलीत. आत तेच मलम होतं. म्हणालात, "दिवाळीत जप हं." म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. सात वर्षं कळलेलं होतं आणि तुम्ही गप्प होतात. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. आजही येतो. एक थोबाडीत दिली असती तर मी सुटले असते.

कारण या दिवाळीला मी काय केलं, सिस्टर? लेकीने बजावलं होतं, "आई, उटणं नाही, सुगंधी तेल नाही. प्लीज हं." सोसायटीतल्या बाकावर एक बाई म्हणाल्या, "अहो, पहिली अंघोळ आणि उटणं नाही? पोरीला काही वासच नाही, दवाखान्यातल्या कापसासारखी." मला ते लागलं. दिवाळीला सगळे माझ्याकडे राहायला होते. पहाटे लेक आणि जावई दाराशी रांगोळी काढत बसले, पोर माझ्या ताब्यात होती. मी मोरीला कडी लावली आणि तिला उटणं लावलं. थोडंसंच. हलक्या हाताने. घरभर उटण्याचाच वास होता, कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या गुडघ्यांमागे पाणी सुटलं. लेकीने विचारलं, "आई, तू दुसरं काही लावलंस का? खरं सांग, टेन्शन नको देऊस."

"मी? मी कशाला लावू? डॉक्टरने दिलंय तेच लावते. तेच सोसत नसेल तिला."

शब्द बदलले असतील, सिस्टर. पण मी पुन्हा तेच केलं, आणि यावेळी वय नऊ नव्हतं.

लेकीने डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाली, एवढं नियमित लावूनही त्वचा दाद देत नसेल तर पोटातून औषध सुरू करावं लागेल, त्याआधी रक्त तपासू. आणि दोन्ही डबे घेऊन या, किती वापरलंय ते बघते. लेकीचा दुसरा डबा चालू आहे. माझा पहिलाच, दसऱ्यापासून, जवळजवळ भरलेला. म्हणून आज जेवणं झाल्यावर मी चमचा घेतला आणि त्यातलं निम्म्याहून जास्त क्रीम या वाटीत काढलं. वरचा भाग बोटाने ओबडधोबड केला, वापरल्यासारखा दिसावा म्हणून. निवृत्त बाई, नातवंडाची आजी, आणि बसले आहे पुरावा तयार करत. उद्या हा डबा बघून ती डॉक्टर माझ्या नातीच्या हातात सुई घालेल, आणि नंतर तिच्या पोटात नको ते औषध जाईल. सांगितलं तर लेक तिला पाळणाघरात ठेवेल, आणि तिने ठेवावंच. मग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या घरात मी काय करायचं? ती उठली. हाका मारते आहे.

सकाळ झाली. नऊ वाजलेत, दीड तासात निघायचं आहे. काल ती उठल्यावर मी तिला अंघोळ घातली, टिपलं, आणि वाटीतलं क्रीम ओल्या अंगावर भरपूर लावलं, डॉक्टरने दाखवलं होतं तसं. ती म्हणाली, "आजी, गार आहे. अजून लाव." सात वाजता लेक आली, पर्स ठेवली, आणि ती काही विचारायच्या आधी मी सांगितलं. लोशन, उटणं, कडी, सगळं. ती ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. म्हणाली, "पंधरा दिवस ती रडतेय, आई. पंधरा दिवस तू बघतेयस." मग लोशनची बाटली मागून घेतली, सिंकमध्ये ओतली आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांना तूच सांगायचं. माझ्यासमोर." पाळणाघराचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

जाताना तिचं लक्ष टेबलावर गेलं. "हे क्रीम वाटीत का काढलंयस?" मी म्हटलं, डब्यात हात घालू नये, जंतू जातात, चमच्याने काढून घ्यावं, डॉक्टरनेच सांगितलंय. आणि ते खरंच आहे, सांगितलंय. ती म्हणाली, "बरं केलंस." पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही. वाटी कशासाठी होती ते मी तिला सांगितलं नाही, सिस्टर. डॉक्टरलाही सांगणार नाही.