रोझलिनसाठी, कॅम्परच्या ओट्यावर

रोझलिन,

मी सकाळच्या मिस्साला जाते आहे, आणि तुम्ही निघेपर्यंत परतणार नाही. माझी बॅग कॅम्परमधून काढून घेतली आहे. नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं निमित्त सांगणार होते, पण देवाला पुढे करून खोटं कशाला बोलू? बाबा गेल्यावर त्या तळ्याकाठी जायला अजून माझा पाय उचलत नाही. तू मात्र मुलांना ने.

पोचल्यावर आधी चाकांना ठोकळे लाव, मगच कॅम्पर ट्रकपासून सोडव. बाबा एकदा विसरले, आणि कॅम्पर उतारावरून आपला आपण तळ्याकडे निघाला. आत मी बटाटे सोलत होते! संडासाच्या टाकीचा खटका ती भरत आल्यावरच उघड. रोज उघडलास तर नुसतं पाणी वाहून जातं आणि, बाबांच्या भाषेत, "बाकीचं आपल्याबरोबर घरी येतं." बाहेरच्या कापडी छपराचा एक कोपरा खाली ठेव, म्हणजे पाऊस साचत नाही. ओव्हनमध्ये भाजलेला भाताचा हॉटडिश फ्रीजमध्ये आहे. आज शुक्रवार, म्हणून मांस घातलेलं नाही.

कॅम्पर मागे घेताना ब्रेडीला मागे उभं कर. नवरा असला तरी त्याच्यावर ओरडू नकोस. एकतीस वर्षं तिथे मी हात हलवत उभी राहिले. "मार्सेला, तू आरशात दिसेनाशी झालीस की मी ब्रेक दाबणार," बाबा म्हणायचे, आणि दाबायचेच. आज अंगणातून निघताना तूही आरशात मला शोधशील. मी दिसणार नाही. तरी थांबू नकोस.

आई