खचलेली डावी बाजू

आई, तुझी धाकटी आता डोक्यात टायटॅनियमचा पत्रा घेऊन परळच्या शाळेत मराठी शिकवते. घाबरू नकोस, आधीपेक्षा जास्त बडबडते. मागच्या वर्षी जिन्यावरून पडले आणि मेंदूला सूज आली. सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टरांनी डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढलं आणि पुन्हा बसवायचं म्हणून माझ्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तिथे त्यात पू झाला, टाकून द्यावं लागलं. सूज उतरली, पण हाड नसल्यामुळे ती बाजू आत खचत गेली. आडवी असले की नीट बोलायचे, उठून बसले की शब्द गायब. डॉक्टर म्हणाले, पत्रा बसवला की मेंदूवरचा दाब जाईल आणि बोलणं परत येईल, बहुतेक. ते 'बहुतेक' मला मुळीच आवडलं नाही. बोलण्यावर तर माझं पोट.

करी रोडच्या आपल्या चाळीतली बाळं तू न्हाऊ घालायचीस. पायांवर बाळ, वाटीत कोमट खोबरेल, आणि तू टाळूवर तेल जिरवते आहेस. मी बोट लावायला जाते, तू हातावर फटका मारतेस. "थंय बोट लावू नको गो! टाळू भरूक नाय अजून." मी रुसून बाहेर गेले, ताई मात्र शेजारी बसून सगळं शिकली. म्हणून तर ऑपरेशनच्या सकाळी मी झोपेत असताना तिने माझा खड्डा तेलाने भरला. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी केलं?"

"मी. आमची आई अशीच टाळू भरायची."

"अहो मावशी, जुन्या टाक्यांवरच आज चिरा द्यायचाय, आणि तिथेच तेल! पुन्हा इन्फेक्शन झालं तर? आज कॅन्सल."

मी ताईला झापायला तावातावाने उठून बसले आणि शब्दच गेले. जन्मात पहिल्यांदा ताई माझ्याशी भांडणात जिंकली. जिंकली आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. मला तिची फार दया आली, पण तेही सांगता येईना.

आठवड्याने पत्रा बसला. काही दिवसांनी मला उशीला टेकवून बसवलं, तेव्हा मी नर्सला विचारलं, "हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" पूर्ण वाक्य, आई! ताईने तिथल्या तिथे हात जोडले. आता वर्गात उभी राहून तासभर बोलते आणि मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू जातं.

तू गेलीस तिथे टपाल जात नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पत्रा बसवायला आत नेताना मी फार घाबरले होते. अशा वेळी सगळे 'आई गं' म्हणतात. माझ्या तोंडून 'ताई' आलं.