चिमीच्या दाढेला मिश्री

अहो,

नागपंचमीला स्वप्नालीवन्सं म्हणाल्या होत्या, "वहिनी, पोरीच्या तोंडाला लई वास येतोय, दात बघा की." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, दुधाचे दात, पडायचेच आहेत. आज चिमीचा गाल सुजलाय. तुम्ही दुकानातून येईपर्यंत थांबले नाही, दोनच्या एस.टी.ने तिला बीडला दातांच्या डॉक्टरांकडे नेते.

इतके दिवस पोरगी रडली कशी नाही, ते आज कळलं. दाढ ठणकली की आई गुपचूप तिला मिश्रीचं, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं, बोट लावायच्या. दाढ बधिर व्हायची, कीड आत वाढायची. त्यांना बोलू नका. मीही रात्री दूध पाजून, चूळ न भरवता निजवत होते आणि वास आला की बडीशेप चारत होते.

आईंचा भात मऊ केलाय. महिनाभरापासून त्या उजव्याच बाजूने चावतात, बोलताना तोंडाला पदर लावतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "म्हातारीच्या तोंडात काय बघायचं हाय?" तुमचं ऐकतील. उजेडात बसवून, त्या स्वतः रोज मिश्री धरतात त्या डाव्या गालाच्या आत चट्टा आहे का, तेवढं बघा.

कावेरी