गाडीची पायरी

मंगळवार, दिवेलागण

माझ्या गुडघ्यांच्या नावानं गाडी घ्यायची आणि गुडघ्यांना विचारायचंच नाही! मला दवाखान्यात न्यायला म्हणून मुलाला एका कंपनीची मोठी गाडी हवी, सुनेला दुसरीची. तीन दिवस झगडा चाललाय. दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत दोन्ही शिरणार नाहीत, ते सोडा. शोरूममध्ये मी काठी लावून पाहिली, दोन्हींची पायरी गुडघ्याच्या वर. आज देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकून म्हणतात, "आई, एक उचल."

म्हटलं, "हत्तीसुद्धा माणूस चढायचा तर खाली बसतो. तुमची गाडी बसेल का?"

सून हसली. मुलानं मोबाइलात डोकं घातलं. थकले बाई मी. चिठ्ठ्या तशाच पडल्यात. उद्या विचारणार आहे, त्या पायरीवर दर खेपेला मला चढवणार कोण? सुनेनं मध्ये बोलायचं नाही. उत्तर मुलानंच द्यायचं.