चौथ्या प्रकरणातल्या रेघा

३ फेब्रु.
थिसिसचं चौथं प्रकरण संपलं एकदाचं! पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक कोट्यवधी वर्षं सावकाश घुसळला जात असतो. त्यात बुडालेला जुना समुद्रतळ किती काळ वेगळा टिकतो, एवढाच माझा प्रश्न. संगणक म्हणतो, फार नाही, एकजीव होतो. गाईड सर खूश. "बिल्कुल साफ नतीजा है!" २८ला रिटायर होतायत, निरोपाचं व्याख्यान यावरच. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. थिसिसही तोवर जमा करायचा.

९ फेब्रु.
व्याख्यानाला सुबक चित्र हवं म्हणून तेच संगणकातलं मॉडेल दुप्पट बारीक चौकोनांच्या जाळीवर चालवलं. जुना खडक विरलाच नाही! ताणलेला, घड्या पडलेला, पातळ रेघा झालेला, पण आहे.
परत चालवलं. तेच. अगं बाई.

१० फेब्रु.
म्हणजे प्रवाहानं काही मिसळलंच नव्हतं. माझ्या जाळीचा चौकोन रेघेपेक्षा मोठा. आत येईल त्याची सरासरी, की रेघ गायब. ही चूक मी निष्कर्ष म्हणून मिरवली. गाढव आहे मी.
निखिल कणीक मळत होता. म्हटलं, यात बिटानं रंगवलेला गोळा टाक, रेघा बारीक होतील, लगेच जाणार नाहीत. माझा संगणक चष्म्याशिवाय बघत होता. नवरोबा म्हणाले, "यार, सरांना उद्याच सांग." बोलायला काय जातंय! सरांचं शेवटचं व्याख्यान आहे ते.

११ फेब्रु.
गाझियाबादहून मेट्रोत बसतानाच ठरवलं, नाही सांगायचं. नाही सांगितलं.

१३ फेब्रु.
सांगितलं. सरांनी चित्र मोठं करून एकेक रेघ बोटानं मोजली. चहावर साय धरली. मग म्हणाले, "मोटी जाली मैंने चुनी थी, टाइम बचाने के लिए. तुमने तो टोका भी था."
टोकलं होतं? मला आठवतच नाही.

२८ फेब्रु.
हॉल भरलेला, हार, समोसे. सरांनी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. "ये वाला गलत है, और गलती मेरी है." माझं नाव फक्त दुसऱ्या चित्राखाली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

६ मार्च
मुदतवाढीचा अर्ज दिलाय. ऑफिसात एकच उत्तर, "फाइल ऊपर गई है." सरांच्या दारावरची पाटी काढली. आता नवी पद्धत, खडकाचा प्रत्येक ठिपका आपली रसायनं स्वतःबरोबर वाहून नेतो, चौकोनाची सरासरी नाही. मॉडेल अजून अर्ध्यावरही नाही.
सकाळी सरांचा मेसेज, "लकीरें बचीं?"
लिहिलं, आज तक तो हैं, सर.