टकटक होईपर्यंत

४ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते कळव. शिवणखोलीच्या पायऱ्या तू तीस वर्षं चढतेयस, आताच कशी घसरलीस? इस्पितळात काम करणाऱ्यांनी इस्पितळातच मोडून घ्यायचं, हे मात्र सोयीचं केलंस.

सोबतच्या खोक्यात पप्पांचा स्वरकाटा आहे, सूर जुळवायचा तो ट्यूनिंग फोर्क. तो तुझ्याकडे असू दे. माझ्याकडे नुसता पडून असतो. तुझी चिमी पियानो शिकतेय, तिला उपयोग होईल.

काम जवळजवळ थांबलंय. मागच्या महिन्यात एका शाळेचा पियानो सुरात जुळवायला घेतला आणि इतर तारा गप्प राहाव्यात म्हणून मध्ये खोचलेली कापडाची पट्टी आतच विसरून आलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पियानो घसा बसल्यासारखा वाजला म्हणे. मुख्याध्यापिका फोनवर हसत होत्या. मला हसू आलं नाही, लाजही वाटली नाही. कान शाबूत आहेत, पण ऐकून काही वाटत नाही.

चर्चचंही एक सांगून टाकतो. रविवारी ऑर्गनवर दुसरं कुणी बसवा, असं पाळकसाहेबांना कळवलंय. प्रार्थनेला बसलो की समोर भिंत असते आणि मी असतो. आधी निदान कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. सात महिने झाले, तेही नाही. मग लोकांसमोर स्तोत्रं वाजवायची ती कशाला? ते ढोंग आहे, आणि ढोंग करायलाही अंगात त्राण लागतं.

काळजी करू नकोस. दाजींना सलाम, चिमीला गोड पापा.

तुझा,
ठोंब्या

*

७ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

खोकं आज सकाळी आलं. फोन केला तर तू नेहमीप्रमाणे बरा आहे, ठेवतो, एवढंच बोललास. म्हणून लिहितेय. तू फोनवर खोटं बोलतोस आणि पत्रात खरं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता आडवळणं न घेता विचारते. जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात? पप्पा गेले तेव्हा मी तो काटा मागितला होता, तर तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. तो तू असा खोक्यात घालून पाठवतोस आणि वर काळजी करू नको म्हणतोस? मला शिवणकाम कळतं म्हणून दुसरं काही कळत नाही असं समजू नकोस.

तू रागावशील, पण मी पाळकबाईंना फोन केलाय. हे वाचशील तोवर ती दोघं तुझ्याकडे येऊन गेलेली असतील. तुला डॉक्टरकडे नेतो असं त्यांनी कबूल केलंय. आमच्या इस्पितळातल्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंना मी तुझं नाव न सांगता सगळं सांगितलं. हा आजार आहे, त्यावर औषध आहे आणि उशीर करू नका, असं त्या म्हणाल्या. माझा पाय मोडल्यावर कुणी मला विश्वास कमी पडला म्हणालं नाही. तुलाही कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव, मी एका पायावर उभी राहून उत्तर देईन.

शुक्रवारी दाजी येतायत, आठ दिवस राहतील. त्यांना चहाशिवाय काही करता येत नाही, तेव्हा उठून दोघांचं जेवण तुलाच करावं लागेल. मुद्दामच त्यांना पाठवतेय.

देवाबद्दल मी शहाणपण सांगत नाही. फक्त आपली ऑर्गनची गोष्ट आठव. पप्पा ऑर्गनच्या खोलीएवढ्या पेटीत शिरून नळ्या जुळवत आणि आपल्यापैकी एक जण बाहेर स्वराची पट्टी दाबून बसे. आत टकटक झाली की पुढची पट्टी, दोनदा झाली की पुन्हा तीच, आणि काहीच ऐकू आलं नाही तर बोट उचलायचं नाही. तू नऊ वर्षांचा होतास. त्या दिवशी तासभर आतून आवाजच आला नाही, पण तू बोट उचललं नाहीस. मग पप्पा बाहेर आले आणि म्हणाले, सगळ्यात बारीक नळी लावत होतो. हाताच्या उबेने तिचा स्वर चढतो, ती निवेपर्यंत गप्प थांबावं लागतं. रविवारच्या शाळेत मी ही गोष्ट दर वर्षी सांगते. देव गप्प असला तरी आत काम करतच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तूच तर शिकवलंस ते मला.

उलट टपाली उत्तर हवं, आणि पहिल्या प्रश्नाचं आधी.

तुझी,
ताई

*

१६ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतो. कधी, कसं, असं काही ठरवलं नव्हतं. पण काटा कागदात गुंडाळताना आपण हे का करतोय ते मला नीट माहीत होतं. हे वाक्य तुझ्याआधी मी डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं आणि गोळ्या दिल्या. दर मंगळवारी जाऊन बोलायचं आहे. फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाले. पाळकसाहेब सोबत होते. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी एक शब्दही उपदेश केला नाही, नुसती माझी छत्री धरून बसले होते. मी रागावलो होतो, आता नाही.

दाजी आले. पहिल्या दिवशी त्यांनी डाळीत साखर घातली. दुसऱ्या दिवशीपासून मीच करतो. तुझा डाव साधला.

आता ऑर्गनच्या गोष्टीचं. ताई, ती तशी घडलेली नाही.

शेवटच्या आजारपणात पप्पांनी मला सांगितलं. त्या दिवशी ते आत नव्हतेच. ऑर्गनच्या मागच्या छोट्या दाराने ते बाहेर पडले आणि चर्चच्या रखवालदाराकडे चहाला बसले. गप्पांत मी पट्टी दाबून बसलोय हेच ते विसरले. आठवण झाली तेव्हा मागच्याच दाराने आत शिरले, टकटक केली आणि बाहेर येऊन त्या बारीक नळीची थाप मारली. सांगताना रडत होते. तुला सांगू नको म्हणाले नव्हते, पण तू ती गोष्ट एवढ्या मुलांना शिकवलेली, तेव्हा माझी जीभच उचलली नाही.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात येईल. सात महिने मला कुणीही देवाच्या मौनाबद्दल समजावलं की मला ते मागचं छोटं दार दिसतं. आत कुणी नसेल तर? मी रिकाम्या पेटीसाठी बोट दाबून बसलो असेन तर? हे मी कुणाजवळही बोललो नव्हतो. हे वाचून तुझ्या विश्वासाला धक्का बसला तर मला माफ कर.

जेवायची वेळ झाली. दाजी ताटं घेऊन बसलेत, त्यांना उपाशी ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

तुझा,
ठोंब्या

*

२२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तू खरं लिहिलंस, पहिलंही आणि दुसरंही. पहिल्यासाठी मी तुझी आभारी आहे. दुसरं दोन दिवस पुन्हा पुन्हा काढून वाचलं.

मला पप्पांचा भयंकर राग आला. लहानग्या पोराला असं बसवून चहा प्यायला जातात! मग राग ओसरला आणि भीती वाटली. चाळीस वर्षं मी ज्याला टेकून उभी होते ती थाप निघाली. घरी बसून इस्पितळाच्या चादरींना दोरा घालताना सारखी मनात घोळत होती. आत कुणी नसेल तर, हा प्रश्न मग मीही विचारला. माझ्याकडे उत्तर नाही, ठोंब्या. असल्याचं सोंग तुझ्यासमोर आणणार नाही.

पण परवा चादर शिवता शिवता त्या दिवसाचा एक तुकडा आठवला. तुला आठवतो का बघ. मी तुझा स्वेटर घेऊन आले होते, कारण आत थंडी होती. तुझं बोट पांढरं पडलं होतं आणि तू रडत होतास. मी म्हटलं, ऊठ. तू ऐकेनास, बोट उचललं तर पप्पा चिडतील म्हणालास. मग मी तुझ्या शेजारी बसले, तुझ्या बोटाला लागून त्याच पट्टीवर माझं बोट ठेवलं आणि तुला तुझं काढायला लावलं. स्वर तुटला नाही. टकटक झाली तेव्हा बोट माझं होतं आणि तू माझ्या मांडीवर झोपला होतास. एवढी वर्षं मी गोष्टीतून स्वतःला गाळून टाकलं होतं, कारण ती पप्पांची गोष्ट आहे असं मला वाटायचं.

तेव्हा असं ठरवलंय. रोज सकाळी साडेसहाला, शिवणाला बसण्याआधी, मी तुझी प्रार्थना करते. तुझ्यासाठी तर करतेच, ही तुझ्या जागी. तुला काही म्हणायचं नाही, काही वाटलंही पाहिजे असं नाही. जमलं तर शेवटी आमेन म्हण. नाही जमलं तर तेही मीच म्हणते. आणि चर्चमध्ये वाजव. तुला स्तोत्र वाजवताना भक्ती वाटते की नाही हे विचारायला तिथे कुणी बसलेलं नाही. आमच्यासारख्या बेसुरांना आधार लागतो, एवढं कारण पुरे.

पुढच्या महिन्यात प्लास्टर निघालं की येते. काटाही घेऊन येते. चिमीला तो नको आहे, तिने पियानो सोडून पोहणं धरलंय.

गोळी चुकवू नकोस. दाजींना परत पाठव, इथे घर फार शांत झालंय.

तुझी,
ताई

*

२ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तू गेल्याला आठ दिवस झाले. पायऱ्या सांभाळून उतर.

तब्येतीचं असं: झोप लागते. सकाळ अजून जड जाते, पण दुपारपर्यंत माणसात येतो. मंगळवार चुकवत नाही. वाईट विचार येतात, पण पूर्वीसारखे ठाण मांडून बसत नाहीत. आले की पाळकसाहेबांना फोन करायचा असं ठरलंय आणि दोनदा केलाही. त्या शाळेत जाऊन कापडाची पट्टी काढून आलो. मुख्याध्यापिका पुन्हा हसल्या, या वेळी मीही हसलो. एप्रिलपासून रविवारी वाजवतोय. देवाचं मात्र अजून तसंच आहे. तू विचारशील म्हणून आधीच लिहितो: समोर भिंतच असते.

तू इथे होतीस तेव्हा चर्चचा ऑर्गन जुळवायला घेतला ना, त्या दिवसाचं तुला एक सांगायचं राहिलं. तू पट्टीवर होतीस आणि मी आत. सगळ्यात बारीक नळीपाशी आलो, तिला हात लागला आणि स्वर चढला. मग हात काढून ती निवायची वाट बघत बसलो. पप्पांनी थाप मारली होती, पण नळीबद्दल मात्र खरंच बोलले होते. त्या वाट बघण्यात टकटक करायची आहे हेच मी विसरून गेलो. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आलो तेव्हा तुझा स्वर चालूच होता, जराही न हलता. मागचं छोटं दार माझ्या पाठीशी उघडंच होतं. मी आत आहे की चहाला गेलोय, हे तुला बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता.

मला तिथेच, धुळीत बसून, रडू आलं. मग एका वाक्याची प्रार्थना केली, माझी मी. उत्तर आलं नाही. मी आमेन म्हणालो, त्यानंतर टकटक केली, आणि तू पुढची पट्टी दाबलीस.

रोज जमेल असं नाही. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी साडेसहाला तू आहेसच. तुझा हा लोभ माझ्यावर असाच राहू दे, मला तो लागतो.

तुझा,
ठोंब्या

ता. क. पप्पांचा काटा तू माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. विसरलीस की मुद्दाम ठेवलास, ते विचारत नाही. तो मी आता पाठवणार नाही. मला लागतो.